मुलांना मरणाविषयी काय सांगावे?

शास्त्रपाठ : योहान ९:१-३, योहान ११:१-३६, मार्क ५:३५-४३



योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक लहानसे संभाषण आहे. लाजाराला कबरेतून बाहेर बोलावण्याच्या मोठ्या चमत्काराआड ते झाकून जाते. बेथानीहून निरोप येऊन दोन दिवस लोटले होते. मग प्रभू येशूने शिष्यांना सांगितले की आपला मित्र झोपी गेला आहे व त्याला जागे करावयास मी जातो. शिष्यांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला. आजाऱ्याला झोप लागली म्हणजे आता उतार पडणार, असे त्यांना वाटले व तसे ते बोललेही. तेव्हा चौदाव्या वचनात योहान लिहितो की येशूने त्यांना उघड सांगितले, लाजार मरण पावला आहे.

हे बारा जण काही लेकरे नव्हती. समुद्रावर रात्री काढलेले कोळी त्यांच्यात होते. जकातीच्या नाक्यावर बसून माणसे पारखलेला मत्तय होता. त्यांचीही त्या एका शब्दाने फसगत झाली. प्रभू त्यांना हसला नाही, की कोड्यात ठेवून पुढे चालू लागला नाही. आपला शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही हे पाहून त्याने शब्द बदलला आणि जे घडले ते साध्या भाषेत सांगितले. आज आम्ही जे मांडणार आहोत ते याच वचनाला धरून. घरात मरण आले असता लेकरांशी कसे बोलावे हा प्रश्न आईबापांचा आहे. तो शब्बाथशाळेच्या शिक्षकांचा आहे, आणि आपल्या मंडळ्यांतून ज्या अनेक भगिनी परिचारिका, शिक्षिका व वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून काम करतात त्यांचाही आहे.

मरणासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. कबरेवरच्या पाटीवर आपण 'प्रभूमध्ये झोपी गेली' असे कोरतो. पत्रिकेत 'प्रभूने बोलावून घेतले' असे छापतो. शेजारी 'देवाघरी गेली' म्हणतात. हे शब्द वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना मरण पावलेल्यांस झोपी गेलेले असेच म्हटले आहे, आणि त्या शब्दात पुनरुत्थानाची सगळी आशा साठवलेली आहे. पण ती आशा मोठ्या माणसाला ऐकू येते. लेकराला नुसता शब्द ऐकू येतो.

काही वर्षांपूर्वी एका घरी सांत्वनाच्या प्रार्थनेस आम्ही गेलो होतो. आजी वारून तीन आठवडे झाले होते. घरातल्या पाच वर्षांच्या नातवाबद्दल त्याच्या आत्याची तक्रार होती की पोर फार हट्टी झाले आहे, रात्री निजत नाही, आईला पडू देत नाही, तिचा डोळा लागला की तिच्या पापण्या बोटांनी उघडतो. प्रार्थना झाली, चहा झाला. तो मुलगा आमच्याजवळ येऊन बसला तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, "झोपलं की काय होतं रे?" तो म्हणाला, "आजी झोपली. मग तिला पेटीत घालून खिळे मारले." हट्ट कुठला? ते लेकरू आपल्या आईवर पहारा करीत होते.

'देवाला ती फार आवडायची म्हणून त्याने तिला नेले' हे वाक्यही किती घरांत सांत्वन म्हणून बोलले जाते! लेकराच्या कानाने ते एकदा ऐकून पाहा. देवाला जी माणसे आवडतात त्यांना तो घरातून उचलून नेतो. मग रविवारी वर्गात देव तुझ्यावर प्रीती करतो असे शिकवले की त्या मुलाला आनंद व्हावा की धडकी भरावी? 'गावाला गेली' म्हणावे, तर गावाला गेलेले माणूस परत येते, निदान फोन तरी करते. आई फोन करीत नाही, याचा अर्थ लेकरू एकच काढते : मी तिला नकोसा झालो. आणि 'आकाशातला तारा झाली' ही कल्पना तर आपल्या शास्त्रातही नाही. ती सिनेमातून आपल्या घरांत शिरली असावी.

मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे, आणि ख्रिस्ती माणसाने त्याकडे पाठ फिरवण्याचे काही कारण नाही. हंगेरीतील मारिया नॉज या बाईंनी तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मरणाविषयी गप्पा केल्या, काहींना चित्रे काढायला लावली, जरा मोठ्यांकडून लिहून घेतले. त्यांचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांना मरण म्हणजे दूर जाणे किंवा झोपणे वाटत होते. मेलेला माणूस त्यांच्या लेखी जिवंतच होता, फक्त जरा कमी जिवंत. त्याहून मोठ्या काही मुलांना मरण म्हणजे माणसाला धरून नेणारा कोणी इसम वाटे. मरण सर्वांना येते व ते शरीराचा शेवट आहे, ही समज नवव्या वर्षाच्या सुमारास दिसली. पुढे इतर देशांत तपासणी झाली तेव्हा 'धरून नेणारा इसम' फारसा आढळला नाही, आणि समज याहून लवकर येते असेही दिसले. १९८४ मध्ये अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी तोवरचे सारे संशोधन एकत्र तपासले. मेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराची सर्व कामे थांबतात आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येते, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात उमजतात असे त्यांनी लिहिले. ते संशोधन शहरी मुलांवरचे होते. ज्यांच्या अंगणात कोंबडी कापली जाते, गोठ्यात वासरू मरते, त्यांना थोडे आधीही कळत असेल.

तेव्हा चार वर्षांच्या मुलाला मरण पूर्ण समजणार नाही हे खरे. म्हणून त्याला काहीच सांगू नये, असा निष्कर्ष आपण काढतो आणि तेथे चूक होते. समज कमी असते तेव्हा रिकामी जागा कल्पनेने भरली जाते, आणि लेकराची कल्पना बहुधा सत्यापेक्षा भयंकर असते.

ती किती भयंकर असते याचा अंदाज यावा म्हणून झाँ पियाजे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील हे मोठे मानसशास्त्रज्ञ १८९६ साली जन्मले व १९८० साली वारले. मुले बरेवाईट कसे ठरवतात यावर त्यांनी १९३२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी ते मुलांना गोष्टी सांगून प्रश्न विचारीत. एक गोष्ट अशी : दोन मुले बागेत सफरचंदे चोरतात. शिपाई येतो. एक सापडतो. दुसरा पळतो व आडवाटेने घरी जाताना नदीवरच्या कुजक्या पुलावरून पाण्यात पडतो. प्रश्न असा की त्याने सफरचंदे चोरली नसती आणि तरी त्या पुलावरून गेला असता, तर पडला असता का? सहा-सात वर्षांची बहुतेक मुले म्हणत, नसता पडला. चोरी केली म्हणून पूल मोडला. लाकडाला जणू चोरी समजते. वाढत्या वयाबरोबर हे उत्तर कमी कमी होत जाते.

आता योहानाचा नववा अध्याय उघडा. वाटेत जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य गुरूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? तीच सफरचंदे, तोच पूल. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हाही, ती इतरांहून अधिक अपराधी होती ही कल्पना त्याने नाकारली. बंधुभगिनींनो, मोठ्या माणसांचीही ही समजूत इतकी चिवट आहे की आपल्या मंडळीत कोणाच्या घरी लागोपाठ दोन मरणे झाली की मागच्या बाकांवर काय बोलले जाते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रभूने जी समजूत मोडून काढली तीच आपण लेकरांच्या पदरात घालतो.

आणि ती घालायला फार काही करावे लागत नाही. कामाने वैतागलेली आई दिवसातून दोनदा म्हणते, "तुझ्यापायी एक दिवस मरून जाईन मी." रागावलेले मूल मनात म्हणते, मर. दोन्ही शब्दांना काही वजन नसते, संध्याकाळी तीच आई त्याला भरवते. पण ती खरोखर गेली तर? पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हिशेबात इच्छा आणि घटना यांच्यामध्ये भिंत नसते. ते कोणाला सांगत नाही, कारण हा गुन्हा सांगण्याजोगा नाही. असे मूल एकदम शहाण्यासारखे वागू लागते, आणि आपण कौतुक करतो की आई गेल्यापासून पोर किती समजूतदार झाले!

यास्तव आम्ही आग्रहाने सांगतो की घरात मरण आले असता मुलाने विचारो वा न विचारो, त्याला हे स्पष्ट शब्दांत ऐकू आले पाहिजे : तू काही केलेस, काही बोललास, मनात काही आणलेस, त्यामुळे हे झालेले नाही. आजाराचे नाव असेल तर नाव सांगावे. आईच्या पोटात गाठ झाली होती, डॉक्टरांनी औषधे दिली, त्यांचा उपयोग झाला नाही. हे एकदा सांगून भागत नाही. महिन्याने पुन्हा सांगावे, शाळेत काही बिनसले की पुन्हा सांगावे.

येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांशी थोडे बोलायचे आहे. दावीद व बथशेबा यांचे पहिले मूल मरते तो प्रसंग, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय, आमच्या मते लहान वर्गात घेऊ नये. नाथानाचा शब्द, दाविदाचा पश्चात्ताप, देवाची क्षमा, हे सारे खोल व मौल्यवान आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढेच कळते की बापाने पाप केले आणि बाळ मेले. मिसर देशातील ज्येष्ठ पुत्रांचे मरण, हनन्या व सप्पीरा, यांचेही तसेच. शास्त्राचा कोणताही भाग खोटा आहे किंवा वगळावा असे आम्ही म्हणत नाही. तान्ह्याला दूध व मोठ्याला जड अन्न, हा दाखला शास्त्रातलाच आहे. भीतीने वर्ग लवकर शांत होतो हे शिक्षकांना माहीत आहे. म्हणूनच हा मोह टाळावा लागतो.

त्याच अध्यायातील एक गोष्ट मात्र मोठ्यांनी पुन्हा वाचावी. मूल मेले आहे हे दाविदाला सांगण्यास सेवक भ्याले. ते आपसात कुजबुजू लागले. दाविदाने ती कुजबुज पाहिली आणि त्यावरूनच ओळखले. मग त्याने सरळ विचारले व त्यांना सरळ उत्तर द्यावे लागले.

आपल्या घरांतून हेच चालते. मूल आले की बोलणे थांबते, फोन घेऊन काका गच्चीवर जातात, आणि आपली समजूत अशी की त्याला काही माहीत नाही. अमेरिकेतील मायरा ब्लूबाँड-लँग्नर या अभ्यासिकेने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांजवळ रुग्णालयात राहून निरीक्षण केले व १९७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्या मुलांना आपण मरणार हे कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांना कळले होते. कोणती औषधे बंद झाली, शेजारच्या खाटेवरचा मुलगा कुठे गेला, डॉक्टर खोलीत किती वेळ थांबतात, यांवरून त्यांनी ते जाणले होते. आणि कळूनही ती आईबापांसमोर बोलत नसत, कारण बोलले की मोठी माणसे रडतात व निघून जातात. आईबाप मुलासाठी नाटक करीत होते आणि मूल आईबापांसाठी. आपल्या ज्या भगिनी बालरुग्णांच्या विभागात काम करतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मूल जेव्हा विचारते, "मी मरणार का?" तेव्हा लगेच "छे, असं बोलू नये" म्हटले की दार बंद होते. "तुला असं का वाटलं?" असे विचारून जवळ बसावे. पुष्कळदा त्या प्रश्नामागे वेगळेच भय असते : रात्री सुई टोचताना आई असेल का?

आईचे जवळ असणे ही लाड म्हणून द्यायची सवलत नाही, हे वैद्यकालाही उशिरा कळले. इंग्लंडमध्ये एके काळी रुग्णालयात ठेवलेल्या मुलाला आईबापांनी भेटण्यावर कडक बंधने होती. भेट झाली की मूल रडते, भेट नसली की शांत असते, म्हणून भेट नको, असा हिशेब. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट तयार केला. लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे नुसते चित्रण त्यात होते. मूल आधी रडून आकांत करते, मग निराश होते, आणि अखेर आईकडेही परक्यासारखे पाहू लागते, असे त्यांनी व जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले. ज्याला परिचारिका 'रुळले' म्हणत होत्या ते मूल मनाने हरलेले होते. पुष्कळ वाद झाले. शेवटी १९५९ मध्ये तेथील सरकारी समितीने आईबापांना भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. वसतिगृहात नव्याने आलेले, कोणाला त्रास न देणारे, ताटातले मुकाट्याने संपवणारे मूल पाहून ज्यांना हायसे वाटते त्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

याच बोल्बी यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आई किंवा बाप गमावलेले लहान मूल शोकातून कसे पार पडू शकते याचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की मुलाला लवकर व खरे सांगितले जावे, त्याला हवे ते प्रश्न विचारता यावेत, घरच्यांच्या शोकात व अंत्यविधीत त्याला भाग मिळावा, आणि उरलेल्या आईने वा बापाने, नाहीतर दुसऱ्या एखाद्या विश्वासाच्या माणसाने, मी तुझ्याजवळ राहणार आहे असा आधार द्यावा. मानसशास्त्रावर ज्यांचा विश्वास नाही अशा आमच्या वडीलधाऱ्या बंधूंना आम्ही विचारतो, बेथानीत प्रभूने याहून निराळे काय केले? त्याने उघड सांगितले. मार्था व मरीया दोघींनी, तू येथे असतास तर, अशी तक्रार केली ती त्याने ऐकून घेतली. तो कबरेपर्यंत चालत गेला, आणि लोकांसमोर त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले.

आता व्यवहाराचे. बातमी कोणी सांगावी? ज्याच्या मांडीवर मूल बसते त्याने. पाळकसाहेबांवर हे काम ढकलू नये. मूल त्यांना ओळखते ते व्यासपीठावरून. शब्द थोडे असावेत : "आज सकाळी बाबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. ते आता परत येणार नाहीत." 'मेले' हा शब्द आपल्या जिभेला कठोर वाटतो, पण लेकराला तो कळतो, कारण मांजर मेले तेव्हा त्याने तोच ऐकला आहे. सांगून झाल्यावर मूल पाच मिनिटे रडेल आणि मग बॅट घेऊन बाहेर पळेल. त्याला दटावू नये. लेकराचा शोक असा तुकड्यातुकड्यांनी येतो, तेवढाच त्याला पेलतो. बाहुलीला पुरण्याचा खेळ खेळताना दिसले तर अभद्र म्हणून पाठीत धपाटा घालू नये.

दफनविधीला मुलाला न्यावे का, असे आम्हांला पुष्कळदा विचारले जाते. त्यालाच विचारावे, आणि विचारण्याआधी तेथे काय दिसेल ते सांगावे : पेटी असेल, बाबा त्यात असतील, हात लावला तर थंड लागेल, माणसे रडतील, गाणे म्हटले जाईल, मग पेटी खड्ड्यात उतरवून सगळे मूठ मूठ माती टाकतील. बाबांना आता दुखत नाही, थंडी वाजत नाही, श्वास लागत नाही. हे मोठ्यांना सांगावे लागत नाही, पण मुलाला पहिला पाऊस पडला की त्या रात्री ते हवे असते. बरोबर असे माणूस द्यावे की ज्याला, मूल म्हणाले तर, मध्येच उठून बाहेर जाता येईल. नको म्हणाले तर ओढून नेऊ नये. मृताच्या गालाचे चुंबन घे, असा आग्रह तर मुळीच धरू नये.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुष्कळ घरांतून यातले काहीच होऊ शकले नाही. रुग्णवाहिकेत बसलेला बाप परत दिसलाच नाही. तेव्हा जी मुले पाच-सहा वर्षांची होती ती आता दृढीकरणाच्या वर्गाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यातल्या कोणी कबर पाहिली नसेल तर त्यांना एकदा तेथे घेऊन जावे. इतकी वर्षे झाली, आता कशाला, असे मनात आणू नये.

पुनरुत्थानाची आशा मग सांगायची की नाही? सांगायची तर आहेच, तिच्यावाचून आपण काय सांगणार! पण क्रम पाहा. आधी प्रभूने मरण मरण म्हणून सांगितले, मग मार्थेशी पुनरुत्थानाविषयी बोलला. आशा आधी सांगितली तर लेकराला वाटते की मरण झालेच नाही, आणि मग ते रविवारी तिसऱ्या दिवशीची वाट पाहते. एका लहान मुलीने गुड फ्रायडेला गेलेल्या आजोबांची ईस्टरच्या सकाळी फाटकात उभे राहून वाट पाहिली होती, हे आम्हांला तिच्या आईने सांगितले. तिला शिकवलेले सारे बरोबर होते. एवढेच सांगायचे राहिले होते की आपल्याला अजून वाट पाहायची आहे, ती वाट फार लांब आहे, आणि तोवर आजोबांची आठवण येऊन रडू आले तर देवाला राग येत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नका असे लिहिले. शोकच करू नका, असे त्याने लिहिलेले नाही.

शाळेतील शिक्षकांसाठी दोन शब्द. मूल परत वर्गात येईल त्या दिवशी सर्वांसमोर त्याला पुढे बोलावून सहानुभूती दाखवू नये. आदल्या दिवशी त्याच्याशी एकट्याने बोलून, मुलांना काय सांगू, असे विचारावे. अभ्यासात मागे पडले, पुन्हा अंथरूण ओले होऊ लागले, पोट दुखते म्हणून घरी राहू लागले, तर शिक्षा किंवा जुलाब देण्याआधी घरी काय झाले ते आठवावे. मे महिन्यात मातृदिनाला शब्बाथशाळेत आईसाठी भेटकार्ड करायला सांगताना वर्गात कोणाला आई नाही हे आधी पाहावे, आणि त्या मुलाला, तू तुझ्या आईसाठी करशील की मावशीसाठी, हे त्यालाच ठरवू द्यावे. आपल्या सीमाभागात व महाराष्ट्राबाहेरच्या मंडळ्यांत आणखी एक अडचण असते. मुलाची शाळा कन्नड, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी, आणि दुःख मराठी. शाळेतल्या समुपदेशकांनी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला ते 'फाइन' म्हणून उत्तर देते. अशा वेळी मंडळीतल्या एखाद्या मराठी बोलणाऱ्या ताईने किंवा मामाने त्याच्याबरोबर बसावे.

बहुतेक मुलांना यापेक्षा अधिक औषध लागत नाही. पण महिनोन्महिने झोप व जेवण नाही, शाळा सुटली, मूल कोणाशीही बोलत नाही, किंवा "मलाही आईकडे जायचं आहे" असे पुन्हा पुन्हा म्हणू लागले, तर प्रार्थना करावीच, आणि त्याच दिवशी बालमानसतज्ज्ञाकडेही न्यावे. ते वाक्य नुसती आठवण असेल, नसेलही. मरावेसे वाटते का, असे शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीतही बोलता येते व पैसे पडत नाहीत. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कोणी म्हणाले तर त्यांना विचारावे की हाड मोडल्यावर आपण कोठे जाता.

याइराच्या घरी प्रभूने मुलीला उठवले तेव्हा ती बारा वर्षांची होती, असे मार्क लिहितो. आधी त्याने आकांत करणाऱ्यांची गर्दी बाहेर काढली व आईबापांना आत घेतले. ती उठून चालू लागली, सगळे थक्क होऊन उभे राहिले, आणि तिला काही खायला द्या हे त्यालाच सांगावे लागले. ज्या घरात मरण झाले आहे तेथे सांत्वनाला येणारे मोठ्यांभोवती बसतात. पोरे जिन्यात असतात. त्यांना कोणी जेवायला वाढले का, उद्याचा डबा कोण देणार, शाळेचा गणवेश धुतला आहे का, हे स्त्रीसभेतील दोन भगिनींनी आपल्याकडे घेतले तर त्या लेकरांना जगाची घडी अजून मोडलेली नाही हे शब्दांवाचून कळते.

आणि शेवटी, एकदा सांगितले म्हणजे झाले, असे धरून चालू नये. चौथ्या वर्षी ज्याला आई मेली एवढेच सांगितले, तो सातव्या वर्षी विचारील की मेली म्हणजे तिच्या अंगाचे काय झाले. अकराव्या वर्षी विचारील की दुसऱ्या डॉक्टरांकडे का नेले नाही. पंधराव्या वर्षी तो देवालाच जाब विचारील. प्रत्येक वेळी तो प्रश्न नव्या समजेने आलेला असतो, आणि बहुधा अवेळी येतो, भाकरी तव्यावर असताना किंवा बस पकडायची असताना. तेव्हा गॅस बंद करावा, बस जाऊ द्यावी, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावे.